चॅटरबेटचं पातं चालत नाही, गवत अडकतं, मासा सुटतो: तिन्ही तक्रारींवर सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मासेमारीचं ३/८ औंसाचं चॅटरबेट (पुढे थरथरणारं पातं असलेलं ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिष), त्यावर चार इंची जाडजूड ट्रेलर (गळावर मागे लावायचं मऊ प्लास्टिकचं अंग), ताठ ग्रॅफाइटचा रॉड आणि ५० पौंडी ब्रेड (विणलेली लाइन). पाणी मीटर-दीड मीटर खोल, किंचित गढूळ, तळाला हायड्रिला हे पाणगवत. मासा लार्जमाउथ बास. तक्रारी तीन: फेक पडल्यावर पातं कधीकधी चालूच होत नाही, दर दुसऱ्या फेकीला गवताचा झुबका येतो, आणि मासा ठोसा मारून जातो पण गळाला लागत नाही. वजन बदलावं, रंग बदलावा की रॉड?

रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी रॉड, मग ट्रेलर, मग वजन. हा क्रम का, ते या ल्युअरचं काम कसं चालतं त्यावरून कळतं.

चॅटरबेट म्हणजे मुळात जिग, डोक्याला वजन असलेला गळ. जिगच्या डोक्यासमोर एक चपटं, साधारण षटकोनी पातं असतं. पात्याचं एक भोक जिगच्या डोळ्यात अडकवलेलं, दुसऱ्या भोकात स्नॅप (उघडझाप करता येणारी तारेची कडी) आणि स्नॅपला लाइन. ओढ बसली की पाणी पात्याच्या तोंडावर आदळतं, पातं एका बाजूला कलतं, जिगच्या डोक्यावर आपटून थांबतं आणि तिथूनच उलट बाजूला कलतं. हे इतक्या भराभर होतं की हाताला सलग थरथर लागते. मागचं सगळं अंग, म्हणजे गळाभोवतीची धाग्यांची झालर आणि ट्रेलर, त्या थरथरीने हलतं. गढूळ पाण्यात बासला फार लांबचं दिसत नाही, पण अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेषेने त्याला पाण्यातली हालचाल कळते. म्हणून गढूळ पाणी आणि गवत ही या ल्युअरची हक्काची जागा.

ते प्रसिद्ध झालं तेही अशाच पाण्यात. साउथ कॅरोलायनात रॉन डेव्हिस पितापुत्रांनी ते घडवलं होतं. २००६ मध्ये फ्लोरिडातल्या ओकिचोबी तलावावर ब्रायन थ्रिफ्टने त्याच्या जोरावर स्पर्धा जिंकली आणि ते सगळीकडे पोचलं. ओकिचोबी अफाट पसरलेला, पण उथळ आणि वनस्पतींनी भरलेला तलाव आहे. ‘चॅटरबेट’ हे नाव आज झी-मॅन कंपनीचं आहे. इतर कंपन्यांच्या डब्यांवर ‘ब्लेडेड जिग’ किंवा ‘व्हायब्रेटिंग जिग’ असं लिहिलेलं असतं, तत्त्व एकच.

एक गोष्ट मनात पक्की बसवा: पाण्याखाली काय चाललंय त्याची सगळी बातमी थरथरीतून येते. थरथर मंदावली तर गवताचं टोक लागलंय. एकदम बंद पडली तर पात्यात काहीतरी अडकलंय किंवा मासा आहे. अनियमित झाली तर ट्रेलर सरकलाय. म्हणून सामान असं निवडायचं की थरथर हाताला स्पष्ट लागेल, पण मासा आला की रॉड थोडा नमेल.

मासा सुटण्याचं कारण इथेच आहे. तुमचा रॉड ताठ आणि ब्रेडला ताण जवळजवळ नाही. बास ल्युअर चावून पकडत नाही. तो तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. चालत्या ल्युअरमागून येऊन त्याने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी रॉड-लाइन अजिबात नमली नाही, तर ल्युअर पुरतं आत जातच नाही, ओठावरून सटकतं. तुम्हाला जाणवतो तो ठोसा म्हणजे हेच. वर तुम्ही ठोसा लागल्याबरोबर हिसका देत असाल, तर उरलंसुरलं ल्युअरही तोंडातून काढून घेता.

रॉड ७ फूट ते ७ फूट ४ इंच, ताकद मीडियम-हेवी आणि वाक मॉडरेट किंवा मॉडरेट-फास्ट घ्या. निव्वळ फायबरग्लासचा रॉड मोकळ्या पाण्यात उत्तम, पण गवतातून ल्युअर झटक्याने सोडवताना तो फारच लवतो आणि झटका ल्युअरपर्यंत पोचत नाही. तुमच्या पाण्यात हायड्रिला आहे, तेव्हा ग्लास आणि ग्रॅफाइट मिसळलेला कंपोझिट रॉड बरा. टोकाचा तिसरा हिस्सा सहज वाकावा, मुठीकडचा भाग ताठ राहावा. नवा रॉड आत्ता घ्यायचा नसेल, तर आहे त्या रॉडवर निदान लाइन बदला. निम्मा फरक तिथेच पडेल.

लाइन १५ ते २० पौंडी फ्लोरोकार्बन. एरवी १७ पौंडी पुरते. फ्लोरोकार्बन पाण्यापेक्षा बरंच जड, घनता सुमारे १.७८, म्हणून ते बुडतं आणि ल्युअरला खाली राहू देतं. ब्रेड तरंगतो आणि ल्युअर वर ओढतो. ब्रेड अगदी वर्ज्य नाही. पृष्ठभागाजवळ पोचलेल्या दाट गवतात ४० ते ५० पौंडी ब्रेड गवत कापत बाहेर येतो, तिथे तो हवाच. पण मग रॉड नक्की मऊ हवा, आणि रीलचा ड्रॅग (जोराची ओढ आली की लाइन सुटू देणारा ब्रेक) अगदी आवळून ठेवू नका. नायलॉनची लाइन ताणली जाते आणि फ्लोरोकार्बनपेक्षा हलकी असते. अर्धा-पाऊण मीटर पाण्यात गवताच्या शेंड्यांवरून ल्युअर न्यायचं असेल तेव्हा तिचा उपयोग होतो.

रीलचं गिअर गुणोत्तर ६.३ ते ७.३ च्या दरम्यान ठेवा. त्यात हँडलच्या एका फेऱ्याला साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर लाइन येते. यापेक्षा वेगवान रीलवर हात नकळत घाई करतो आणि ल्युअर पृष्ठभागाकडे चढतं.

लाइन थेट पात्याच्या भोकात कधीच बांधू नका. धातूची कड लाइन कापते, शिवाय गाठ पात्याला मोकळं हलू देत नाही. ल्युअरसोबत आलेला स्नॅप ठेवा, मात्र तो बारीक तारेचा असेल तर त्याच मापाचा मजबूत स्नॅप लावा. स्विव्हल (गोल फिरणारी कडी) लावू नका. नाकावरचं जादा वजन पात्याची सुरुवात मंद करतं आणि गवताला आणखी एक आकडा मिळतो. फ्लोरोकार्बनला पालोमार किंवा इम्प्रूव्ह्ड क्लिंच गाठ चालते. आवळण्याआधी ओली करा, कोरडी आवळली की लाइन जळते आणि गाठ तिथेच तुटते.

आता ट्रेलर. तुमचं पातं चालू होत नाही याचं पहिलं संशयित कारण तोच जाडजूड ट्रेलर. पातं हलायला मागचं अंग हलकं आणि मोकळं हवं. मोठ्या शेपटीचा जाड ट्रेलर मागून लगाम खेचल्यासारखा वागतो. पातं चालू व्हायला जास्त वेग लागतो, वेग वाढवला की ल्युअर वर येतं. त्याऐवजी ३.५ ते ४ इंचांचा, सडपातळ, दुभंगलेल्या शेपटीचा ट्रेलर लावा. त्याने थरथर तीव्र होते आणि ल्युअर मध्येच डावी-उजवीकडे भरकटतं. हे भरकटणं मौल्यवान आहे, सरळ रेषेत मागे येणारा मासा त्या क्षणी झेप घेतो. फावड्यासारख्या शेपटीचा स्विमबेट ट्रेलर वाईट नाही. तो ल्युअरला उचलून धरतो आणि संथ चालू देतो, म्हणून थंड पाण्यात किंवा फार उथळ जागी कामाचा. खेकड्यासारख्या नांग्यांचा ट्रेलर सगळ्यात जास्त उचल देतो आणि थरथर दाबतो.

ट्रेलर बसवताना बहुतेकांची घाई नडते. गळाशेजारी ट्रेलर आडवा धरा, नाक जिगच्या डोक्याला टेकवा आणि गळाचा बाक जिथे येतो तिथे नखाने खूण करा. मग नाकाच्या बरोबर मध्यातून गळ घाला, ट्रेलरच्या अक्षातून सरळ पुढे सरकवा आणि खुणेवर पाठीच्या मध्यरेषेतून बाहेर काढा. वरून बघितलं तर ट्रेलर, गळाचा दांडा आणि डोकं एका रेषेत दिसायला हवं. दोन-तीन मिलिमीटर जरी तिरका बसला तरी ल्युअर एका कुशीवर झोपून चालतं आणि गोल फिरू लागतं. मधेच गुंडाळी दिसत असेल, मुरड पडली असेल तर काढून पुन्हा बसवा. डोक्यामागच्या खाचेवर सुपरग्लूचा एक थेंब टाकला की ट्रेलर दहा फेकींनंतरही सरकत नाही. हे सगळं मिळून एका मिनिटाचं काम आहे आणि दिवसभराची थरथर यावर अवलंबून असते.

झालरही बघून घ्या. नव्या ल्युअरची सिलिकॉनची झालर बहुधा जरुरीपेक्षा लांब आणि दाट असते. ती गळाच्या बाकापलीकडे सेंटिमीटरभर राहील इतकी छाटा. पण सरळ एका रेषेत कापू नका, चिमटीत थोडे थोडे धागे धरून कमी-जास्त कापा. आतले सात-आठ धागे मुळापासून काढून टाकले तर ल्युअर सहज खाली जातं.

ट्रेलर सुधारूनही पातं चालत नसेल, तर पात्याचं बिजागर तपासा. पातं बोटाने डावी-उजवीकडे हलवा. दोन्हीकडे सारखं, अडथळ्याविना हलायला हवं आणि दोन्हीकडे डोक्यावर टेकायला हवं. जिगच्या डोळ्यात रंग साचलेला असेल तर पातं तिथे चिकटून बसतं. टोकदार सुईने किंवा दुसऱ्या गळाच्या टोकाने तो खरवडा. दगडावर आपटून पातं वाकलं असेल तर ल्युअर कायम एका अंगाला पळतं. सपाट तोंडाच्या पक्कडीने अगदी किंचित सरळ करा आणि काठाशी दोन मीटर ओढून बघा. मुद्दाम वाकवून जास्त थरथर मिळवण्याच्या नादी लागू नका, त्याने संथ वेगात पातं अडतं.

आणि फेक पडल्यावर लगेच हँडल फिरवू नका. ल्युअर हव्या त्या खोलीवर जाऊ द्या, मग टोकाने वीतभर झटका द्या. त्या झटक्याने पातं उघडतं. हाताला थरथर लागली की मगच रील सुरू करा. नुसतं हळूहळू ओढायला सुरुवात केली तर पातं लाइनीच्या दिशेत चपटं पडून राहतं आणि ल्युअर साध्या जिगसारखं येतं.

वजनाचा हिशोब खोली आणि गवताच्या उंचीवर करा. १/४ औंस म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, अर्ध्या-पाऊण मीटर पाण्यासाठी. ३/८ औंस, १०.५ ग्रॅम, दीड मीटरपर्यंत. १/२ औंस, १४ ग्रॅम, दीड ते अडीच मीटर, आणि वारा असेल तर त्याहून उथळ जागीही. ३/४ औंस, २१ ग्रॅम, तीन मीटर आणि पलीकडे. तुमच्या पाण्यात ३/८ योग्य आहे. हायड्रिला तळापासून अर्धा मीटर उंच असेल आणि पाणी दीड मीटर असेल तर ल्युअरने शेंड्यांना नुसतं चाटत जायला हवं. झुबके सतत येत असतील तर रॉडचं टोक वर करा किंवा १/४ वर या. गवत कधीच लागत नसेल तर तुम्ही माशांच्या डोक्यावरून फार वरून जात आहात. तेव्हा १/२ लावा.

गवत अडकण्याची मुख्य जागा पातं आणि डोकं यांच्यामधली फट आहे. एकच बारीक काडी तिथे शिरली तरी पातं मेलं. ल्युअर शेंड्यांना लागून थरथर जड होते, तेव्हा सगळ्यांचा हात एकसारखी ओढ वाढवतो. नेमकं तेच करू नका. संथ ओढीने गवत गळावर आणि फटीत गुंडाळलं जातं. रॉडचं टोक पाण्याजवळ, बाजूला धरा आणि थरथर जड होताक्षणी मनगटाने फूटभर कोरडा, आखूड झटका द्या. हायड्रिलासारखं ठिसूळ गवत त्या झटक्याने तुटतं, ल्युअर उसळून मोकळं होतं, पातं जोरात उघडतं, आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात ल्युअर क्षणभर दबकतं. गवतातले बहुतेक ठोसे याच दबकण्यावर बसतात. म्हणून झटक्यानंतर टोक मागे आणताना लाइन ढिली पडू देऊ नका, हँडल फिरवत ढील गोळा करत राहा.

एका झटक्याने सुटलं नाही तर दुसरा द्या. दुसऱ्यानेही नाही तर फेक वाया गेली समजून झटपट गुंडाळा. झुबका हाताने काढण्याआधी ल्युअर पाण्यावर एकदा आपटा, बरंच गळून पडतं. मिलफॉइल हे दुसरं पाणगवत हायड्रिलाइतकं सहज तुटत नाही, त्यात ब्रेड सोयीचा. कमळाच्या पानांच्या दाटीत मात्र हे ल्युअर नेऊ नका, देठ नेमके गळावर अडतात. पाण्यावर चटईसारख्या पसरलेल्या जाड थरातही नको. बुडालेल्या फांद्यांमध्ये स्पिनरबेट बरं, कारण त्याच्या तारेचा हात गळापुढे ढालीसारखा असतो. चॅटरबेटचा गळ उघडा असतो.

उघड्या गळाच्या बाबतीत एक इशारा. अडकलेलं ल्युअर सुटतं तेव्हा चौदा ग्रॅम धातू आणि मोठा धारदार गळ सरळ तुमच्या चेहऱ्याकडे येतो. पोलराइज्ड चष्मा डोळ्यांवर असल्याशिवाय झटके देऊ नका. होडीत शेजारी कोणी असेल तर त्यालाही घालायला लावा. चष्म्याने पाण्यातल्या गवताची कडही दिसते, तो वेगळा फायदा.

आता ठोसा ओळखणं. कधी स्पष्ट धक्का बसतो. बऱ्याचदा मात्र काहीच बसत नाही, थरथर नुसती थांबते. मासा ल्युअर तोंडात घेऊन तुमच्याच दिशेने येत असतो. किंवा लाइन आपोआप बाजूला सरकते, किंवा ओलं फडकं लागल्यासारखं जड वाटतं. गवत लागलं की थरथर हळूहळू मरते, मासा लागला की ती दिवा विझावा तशी जाते. हा फरक दोन-तीन दिवसांत हाताला कळू लागतो.

थरथर गेली की हिसका नको. रील फिरवतच राहा, वजन हाताला येऊन रॉड वाकू द्या, मग रॉड आडवा, कमरेच्या उंचीवर, जोरात बाजूला न्या. वर उचलून मारलेला फटका उथळ पाण्यात ल्युअर तोंडातून वर उडवतो. गळ एकच आणि जाड तारेचा असल्यामुळे त्याला क्षणाच्या हिसक्यापेक्षा सलग दाब लागतो. त्यासाठी टोक तीक्ष्ण हवं. नखावर हलकेच टेकवून ओढा, सरकलं तर बोथट आहे. दगडी भागात मासेमारी केली असेल तर प्रत्येक मोठ्या अडकणीनंतर तपासा, छोटी कानस जवळ ठेवा. ठोसे सतत हुकत असतील तर जादा गळ लावण्याऐवजी ट्रेलर अर्ध्या इंचाने छोटा करा. जादा गळ गवतात निव्वळ डोकेदुखी.

ऋतूचं म्हणाल तर सर्वांत चांगला काळ वसंतात अंडी घालण्याआधीचा, पाणी साधारण १० ते १५ अंश सेल्सिअस असताना. तेव्हा बास खोल पाण्यातून उथळ गवताच्या बाहेरच्या कडेला येतात. वेग संथ ठेवा, जेमतेम थरथर लागेल इतकाच. उन्हाळ्यात पहाट, ढगाळ दिवस आणि गवताची सावली. शरद ऋतूत शॅड या लहान माशांचे थवे खाड्यांकडे सरकतात, तेव्हा वेग वाढवा आणि मध्येच रील अर्धा सेकंद थांबवा. पाणी ७ अंशांखाली गेलं की दुसरं ल्युअर लावा. वारा असलेला किनारा शांत किनाऱ्यापेक्षा नेहमी आधी तपासा.

रंगाचा उल्लेख आता, कारण इतकं सगळं जमल्याखेरीज त्याने फरक पडत नाही. किंचित गढूळ पाण्यात ग्रीन पम्पकिन किंवा पांढरा. चिखलासारख्या पाण्यात काळा-निळा. वसंताच्या सुरुवातीला क्रॉफिश (गोड्या पाण्यातला नांग्यांचा झिंग्यासारखा प्राणी) असलेल्या पाण्यात तांबडा. शॅडमागे लागलेल्या माशांसाठी पांढरा. चमकतं चंदेरी पातं गढूळ पाण्यात आणि ढगाळ उजेडात चालतं. स्वच्छ, शांत पाण्यात मासा येऊन वळत असेल तर काळं किंवा हिरवं मंद पातं लावा.

डबा भरतानाही एक नीट बघा. इलाझटेक नावाच्या ताणल्या जाणाऱ्या मटेरियलचे ट्रेलर इतर मऊ प्लास्टिकच्या ट्रेलरांसोबत ठेवले तर दोन्ही विरघळून चिकटतात. ते त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा. हे ट्रेलर तरंगतात, तेव्हा ल्युअर थोडं वर चालेल हेही हिशोबात धरा. दिवस संपला की ट्रेलर काढा, ल्युअर गोड्या पाण्यात धुऊन वाळवा. ओला ट्रेलर तसाच गळावर राहिला तर दांड्यावर गंज चढतो आणि पुढच्या वेळी ट्रेलर फाटतो.

न्यू हॅम्पशर आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या काही अमेरिकी राज्यांत हलक्या शिशाच्या जिगांवर बंदी आहे, कारण लून पक्षी ते गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात. तिथे टंगस्टनच्या डोक्याचं घ्या. ते त्याच वजनात लहान असतं, तेव्हा पातं त्याला नीट टेकतं ना, हे बोटाने आधी हलवून बघा.